घंटा वाजली की पहिलं काय बघायचं

अमोनिया गळाला त्या दुपारी कोल्ड स्टोरेजमधल्या एकसष्ट माणसांनी ट्रेनिंगमध्ये शिकलेलं सगळं जसंच्या तसं केलं, आणि मास्तरांची खुर्ची धोक्यात आली.

मास्तर म्हणजे तिथले ट्रेनिंग अधिकारी. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण बोलताना मधूनच बोटांवरचा नसलेला खडू झटकायची त्यांना सवय होती, म्हणून मास्तर. बावीस वर्षं ते वर्षातून दोनदा सगळ्यांना वरच्या हॉलमध्ये बसवत, दिवे मालवत आणि पडद्यावर एकशे बारा स्लाइड दाखवत. त्यातल्या एकोणीस संस्थापकांच्या फोटोंच्या होत्या. सत्तेचाळिसाव्या स्लाइडवर घंटेचं चित्र होतं. चित्रातली घंटा ऐकू येत नाही हे मास्तरांच्या पहिल्याच वर्षी लक्षात आलं होतं, म्हणून त्या स्लाइडला ते खाली फोन करून खरी घंटा वाजवायला सांगत. घंटा वाजे, डुलक्या घेणारे दचकून जागे होत, मास्तर म्हणत, हा आवाज ओळखून ठेवा, आणि तेवढ्यात चहा येई. चहाची वेळच ती होती. त्यात मास्तरांचा काही हेतू नव्हता.

शेवटी दहा प्रश्नांची परीक्षा. प्रश्न नुकत्याच डोळ्यांसमोरून गेलेल्या स्लाइडवरचे, त्यामुळे सरासरी शंभरात शहाण्णव. तो शहाण्णवचा आकडा मास्तरांच्या केबिनमध्ये चौकट करून लावलेला होता. तीन आठवड्यांनी तीच परीक्षा घेतली तर किती येतील, असं एकदा एका नव्या कारकुनाने विचारलं होतं. मास्तरांनी त्याला विचारलं, घेतलेली परीक्षा पुन्हा कशाला घ्यायची?

तर त्या दुपारी कंप्रेसरच्या खोलीत एका व्हॉल्व्हचं वायसर गेलं. थोडा अमोनिया सुटला, डोळ्यांना पाणी येण्याइतका, आणि घंटा वाजली. एकसष्ट माणसं हातातलं काम ठेवून, रांगेने, धक्काबुक्की न करता वरच्या हॉलमध्ये गेली, खुर्च्यांवर बसली आणि चहाची वाट बघू लागली. वारा त्या वेळी कंप्रेसरकडून नेमका हॉलकडे वाहत होता. वास वाढला तसं कुणीतरी उठून खिडक्या उघडल्या, त्यामुळे तो आणखी वाढला. कंप्रेसरवाले काका तेवढे खाली राहिले, कारण डॉक्टरांनी त्यांचा चहा बंद केला होता. बसल्या बसल्या त्यांनी व्हॉल्व्ह फिरवून बंद केला, म्हणून सगळं थोडक्यात निभावलं. एका कबुतराला भोवळ आली होती. तेही संध्याकाळी उडून गेलं.

साहेबांनी, म्हणजे व्यवस्थापकांनी, पॅकिंगच्या मावशींना बोलावून विचारलं, घंटा वाजल्यावर तुम्ही हॉलमध्ये का गेलात? मावशी एकोणीस वर्षं तिथे मटाराच्या पिशव्या बंद करत होत्या. त्यांनाच प्रश्नाचं नवल वाटलं. "घंटा वाजते तेव्हा आपण हॉलमध्येच असतो ना," त्या म्हणाल्या.

साहेब आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी मास्तरांना समोर बसवून हलक्या आवाजात सांगितलं, की दोन महिन्यांच्या आत विमा कंपनीच्या तपासनीस बाई येतील आणि कुणालाही न सांगता घंटा वाजवतील. माणसं पुन्हा चहाला जाऊन बसली तर ट्रेनिंगचं खातं बंद. पुढे सगळ्यांना मोबाइलवर व्हिडिओ पाठवायचे, आणि मास्तरांनी वजनकाट्यावर बसायचं.

वजनकाटा म्हणजे गेटजवळची पत्र्याची खोली. ट्रक येतो, मशीन आपलं आपण वजन बोलून दाखवतं, आणि आत बसलेल्या माणसाने मान हलवायची असते. आधीचा माणूस निवृत्त झाला तेव्हा ते दोन महिने कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मास्तर तोंड एवढंसं करून घरी आले. बायको बहिणीशी फोनवर बोलत होती. पुढच्या रविवारी मास्तरांच्या थोरल्या बहिणीचं येणं ठरलं होतं, त्यामुळे विषय ठरलेलाच होता.

"लग्नाचा फोटो काढत होते," बायको सांगत होती, "आणि वन्सं मला म्हणाल्या, जरा बाजूला हो, मागचं कॅलेंडर झाकलं जातंय."

पलीकडून बहिणीने विचारलं, मग तू काय म्हणालीस? फोन मोठ्या आवाजावर होता.

"मी म्हटलं, तारीख हवी असेल तर मी तोंडी सांगते."

या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली होती. बायकोने पुढे वन्संच्या हातातल्या पर्सचा रंग सांगितला, फोटोग्राफरच्या कोटाचं तुटलेलं बटण सांगितलं, आणि कॅलेंडरवर आदलाच महिना होता, कुणी पान उलटलेलं नव्हतं, हेही सांगितलं. मास्तर चपला न काढता दारातच उभे राहिले. त्यांच्या एकसष्ट माणसांना तीन महिन्यांपूर्वीची एकही स्लाइड धड आठवत नव्हती.

फोन खाली ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "अगं, हे सगळं तुझ्या लक्षात राहतं कसं?"

"का? विसरायला हवं होतं?"

मास्तरांनी घाईघाईने सांगितलं, की हे ऑफिसच्या कामासाठी विचारतोय. मग ती जरा निवळली, आणि भाजी निवडता निवडता तिने सगळी रीत सांगितली. आपोआप काही राहत नसतं, राखावं लागतं. पहिल्यांदा त्याच संध्याकाळी बहिणीला सांगितलं. तिसऱ्या दिवशी आईला. मग आठवड्याने शेजारणीला, मग महिन्याने पुन्हा बहिणीला. आता इतकं पक्कं झालंय, की वन्सं येणार असल्या तेवढंच काढलं तरी पुरतं. आणि बहीण गाडी एका दमात पळू देत नाही. मध्येच अडवते, विचारते, मग आठवावं लागतं. एकदा पर्स काळी म्हणून गेले, तर तिने तिथेच धरलं, मागच्या वेळी तपकिरी म्हणाली होतीस. तेव्हापासून तपकिरी कधी चुकली नाही.

"आणि पाण्याचा मेन कॉक कुठे आहे ते मी तुला शंभरदा सांगितलंय, ते?"

"ते तुम्ही सांगता," बायको म्हणाली. "मला विचारलंय कुणी?"

मास्तरांनी वही काढली. बावीस वर्षांत नोकरीवरचं काही त्यांनी पहिल्यांदाच घरी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकशे बारा स्लाइड कपाटात टाकल्या. संस्थापकांना तेवढं सगळ्यांत वर ठेवलं. त्या जागी चार प्रश्न ठेवले. घंटा वाजली, पहिलं काय बघायचं? मग कुठे जायचं? नाकाला काय लावायचं? आणि कशासाठी परत आत जायचं? हे चार प्रश्न त्यांनी एका जाड कागदाच्या चिठ्ठीवर लिहिले, मागच्या बाजूला उत्तरं लिहिली, आणि चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली. केबिनमधल्या शहाण्णवच्या जागी तक्ता लागला. कुणाला कधी विचारायचं: आज, तिसऱ्या दिवशी, आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. हॉलमध्ये कुणाला बोलवायचंच नाही. माणूस जिथे काम करतो तिथे जाऊन गाठायचं. चहाही ज्याला त्याला जागेवर मिळेल.

पहिला मान काकांचा. मास्तर कंप्रेसरच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "काका, घंटा वाजली. पहिलं काय बघायचं?"

काका गप्प राहिले. आणि इथे मास्तरांची खरी परीक्षा सुरू झाली, कारण उत्तर आल्याशिवाय बोलायचं नाही असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. बावीस वर्षांत ते कधी थांबले नव्हते. विचारायचे आणि त्याच श्वासात सांगून मोकळे व्हायचे. आता ते मनात दहा अंक मोजू लागले. सहाव्या अंकाला शिंक अडवल्यासारखं होऊ लागलं. आठावर काका म्हणाले, "घड्याळ."

मास्तर रागावले नाहीत. त्यांनी चिठ्ठी उलटी करून पाहिली आणि सांगितलं, "पायजमा."

पाण्याच्या टाकीवरच्या खांबाला कापडाची एक लांब पिशवी बांधलेली असे. वारा जिकडे जातो तिकडे ती फुगून सरळ होते, म्हणजे वायू कुठे चाललाय ते कळतं. एकसष्टाव्या स्लाइडवर तिला इतकं भारदस्त नाव होतं, की ते उच्चारताना मास्तरांचीच जीभ अडखळे. लोक तिला पायजमा म्हणत, कारण ती तशीच दिसे. मास्तरांनी पहिल्यांदाच स्लाइडवरचं नाव सोडून लोकांचं उचललं. पायजमा बघायचा, तो जिकडे फुगलाय तिकडे पळायचं नाही, वाऱ्याला आडवं चालत मोकळ्यावर निघायचं, नाकाला ओलं फडकं लावायचं, आणि परत आत कशासाठीच जायचं नाही. डबा राहिला तरी नाही, मोबाइल राहिला तरी नाही.

मावशींनी विचारलं, "माणूस राहिला तर?"

"माणूस राहिला तरी नाही," मास्तर म्हणाले. "मास्क काकांकडे आहे. ते जातील."

मावशींना हे जरा कठोर वाटलं, पण त्यांनी लक्षात ठेवलं.

पहिल्या फेरीत बासष्ट माणसांची मिळून चार उत्तरं बरोबर आली, त्यातली तीन गेटवाल्याची. तिसऱ्या दिवशी मास्तर पुन्हा निघाले. पुन्हा तेच प्रश्न, पुन्हा तेच मुकाट थांबणं, पुन्हा खिशातून चिठ्ठी काढून मागची बाजू बघणं. आठवड्याने तिसऱ्यांदा.

या तिसऱ्या फेरीनंतर जेवणाच्या सुट्टीत गेटवाल्याने हळू आवाजात विषय काढला. तो म्हणाला, मास्तरांनी मला सोमवारी विचारलं, घंटा वाजली की काय बघायचं. मी सांगितलं. बुधवारी येऊन पुन्हा तेच. आज पुन्हा. आणि मी सांगितलं की खिशातल्या चिठ्ठीवर बघून खात्री करतात.

 मग काका म्हणाले, की माझ्या साडूचं असंच सुरू झालं होतं.

सगळ्यांना एकदम उलगडा झाला. त्या दुपारच्या धक्क्याने मास्तर विसरायला लागले होते. बावीस वर्षं शिकवलेलं डोक्यातून पुसलं गेलं होतं, आणि बिचारे ज्याला त्याला विचारत फिरत होते. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. "आपण सांगितलं नाही तर काही बोलतही नाहीत हो," त्या म्हणाल्या. "नुसते बघत उभे राहतात. ओठ हलतात. बघवत नाही."

तिथेच ठरलं, की मास्तरांना कुणी चुकीचं उत्तर द्यायचं नाही, त्याने आणखी गोंधळ होईल. त्यासाठी आधी आपली उत्तरं पक्की हवीत. मग डबे उघडता उघडता सगळे एकमेकांना विचारू लागले. चुकेल त्याला मावशी रागावत, "अरे, असं सांगशील त्या भल्या माणसाला?" लोडिंगवाल्यांनी मालाच्या गाडीवर बसून चारही उत्तरं घोकली. ज्याला मास्तर तिसऱ्या आठवड्यात भेटणार होते त्याला आधीच निरोप जाई, की आज तुझ्याकडे येतील, सांभाळून घे.

मास्तरांना यातलं काही कळलं नाही. त्यांना एवढंच दिसत होतं, की उत्तरं बरोबर येताहेत, आणि लोक उत्तर देताना विलक्षण मायेने बोलताहेत. मावशींनी तर एकदा त्यांचा हात हातात घेतला. "पायजमा, मास्तर. टाकीवरचा. मागच्या मंगळवारी पण सांगितलं होतं मी." मास्तरांनी केबिनमध्ये येऊन वहीत नोंद केली: शिकणारे मागच्या वेळचा संदर्भ स्वतःहून देऊ लागले आहेत.

साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी मास्तरांच्या घरी फोन लावला आणि आडून आडून विचारलं, की घरी सगळं ठीक ना, मास्तर अलीकडे काही विसरतात का?

"लग्नाची तारीख विसरतात," बायको म्हणाली. "नवीन काही नाही."

हा फोन तिने मास्तरांना सांगितला नाही. त्यांनी विचारलं नव्हतं.

तपासनीस बाई सातव्या आठवड्यात आल्या. ठेंगण्या, हातात पुठ्ठ्यावर लावलेला कागद आणि गळ्यात घड्याळ. साहेबांशी दोन शब्द बोलून त्यांनी कागदावर लिहिलं, की अमोनिया कंप्रेसरच्या खोलीतून गळतो आहे असं समजावं. मग पायजम्याकडे पाहिलं. तो हॉलकडे फुगला होता. अकरा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी घंटा वाजवायला सांगितली.

मास्तर त्या वेळी मालधक्क्यावर होते. घंटा ऐकू आली. त्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहिलं: भरलेला हॉल, आणि चहाची वाट बघणारी माणसं. त्यांना थांबवायला हवं होतं. मास्तर धावत सुटले, एका दमात जिना चढले, आणि हॉलचं दार उघडलं.

हॉल रिकामा होता.

एकही माणूस नव्हता. खुर्च्या ओळीने मोकळ्या, पडदा कोरा. बावीस वर्षं हा हॉल भरावा म्हणून मास्तर माणसांच्या मागे लागले होते, आणि आज तो रिकामा बघून ते भरून पावले. ते मागच्या ओळीतल्या एका खुर्चीवर बसले. तिथे ते कधी बसले नव्हते. तिथून पडदा फारच लहान दिसत होता.

मग ते खिडकीपाशी गेले. खाली, पलीकडच्या मोकळ्या जागेत सगळी माणसं उभी होती, नाकाला ओली फडकी लावून. त्यांनी मास्तरांना पाहिलं आणि दोन्ही हात वर करून हलवायला सुरुवात केली. मास्तर भारावून गेले. त्यांनीही हात हलवला. मावशी टाकीवरच्या पायजम्याकडे बोट दाखवू लागल्या, पुन्हा पुन्हा. मास्तरांनी पायजम्याकडे पाहिलं. तो त्यांच्याच दिशेने टरारून फुगला होता. मावशींना पहिला प्रश्न किती पक्का बसलाय, हे बघून त्यांनी कौतुकाने मान डोलावली.

खाली दोन लोडिंगवाले जिन्याकडे धावणार होते. मावशींनी त्यांना हाताला धरून मागे ओढलं. "माणूस राहिला तरी नाही," त्या म्हणाल्या. "त्यांनीच सांगितलंय." आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

काका मास्क चढवत होते. पट्टे जुने होते, त्याला वेळ लागला. ते हॉलमध्ये पोचले तेव्हा मास्तर पुन्हा मागच्या ओळीत जाऊन बसले होते. "काका, बसा," ते म्हणाले. "बघा, एकही माणूस नाही." काका मास्कमधून काहीतरी बोलले, ते ऐकू आलं नाही. मग त्यांनी मास्तरांच्या दंडाला धरून त्यांना खाली नेलं.

तपासनीस बाईंनी घड्याळ बघून कागद पुरा केला. तो साहेबांच्या खोलीत सगळ्यांसमोर वाचला गेला. हजर त्रेसष्ट. सुखरूप बासष्ट. मयत एक, प्रशिक्षण अधिकारी. घंटेपासून तीन मिनिटं चाळीस सेकंदांनी, हॉलमध्ये, वाऱ्याच्या दिशेला.

बाई म्हणाल्या, की सतरा वर्षांत इतका चांगला निकाल मी पाहिला नाही. ही माणसं शिकवली कुणी?

मावशी पुढे झाल्या. "शिकवलं असं कुणी नाही, बाई. मास्तर विसरायला लागलेत ना. त्यांना सांगून सांगून आमचंच पाठ झालं."

मास्तरांनी मावशींकडे पाहिलं. मग काकांकडे, मग गेटवाल्याकडे. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तीच माया होती. त्यांनी तक्त्याविषयी सांगितलं, तिसऱ्या दिवसाविषयी, आठवड्याविषयी, दहा अंक मोजण्याविषयी. सगळे मान हलवत म्हणाले, हो हो, मास्तर.

तपासनीस बाई मात्र नीट ऐकत होत्या. त्यांनी मास्तरांना विचारलं, "घंटा वाजली. पहिलं काय बघायचं?"

मास्तरांचा हात खिशाकडे गेला. चिठ्ठी कालच्या शर्टात राहिली होती. दोन महिन्यांत हा प्रश्न त्यांनी कितीतरी वेळा विचारला होता, कुणी त्यांना एकदाही विचारला नव्हता.  कुणी उत्तर सांगितलं नाही. बासष्ट माणसं मनात अंक मोजत होती.

"प्रश्न बरोबर आहे," मास्तर म्हणाले.

साहेबांनी कागद पुन्हा वाचला. मयत माणसाला वजनकाट्यावर पाठवता येतं का, हा प्रश्न त्यांच्यापुढे असावा. शेवटी त्यांनी सांगितलं, की खातं राहील आणि मास्तरही राहतील. फक्त मास्तरांना ट्रेनिंग घ्यावं लागेल. कोण घेणार, हे त्यांनी विचारलं नाही. सगळ्यांनीच हात वर केले होते.

त्या संध्याकाळी मास्तर चपला काढत असताना बायको बहिणीला फोनवर सांगत होती, की घंटा वाजली, झाडून सगळे बाहेर, आणि हे एकटे वर हॉलमध्ये, खिडकीतून हात हलवत. पलीकडून बहिणीने विचारलं, कुठला हात? बायकोने फोनवर हात ठेवून मास्तरांना विचारलं. मास्तरांनी सांगितलं, उजवा. आज बहीण झाली. तिसऱ्या दिवशी आई, आठवड्याने शेजारीण. मास्तरांनी हिशेब केला, आणि आता हे जन्मभर टिकणार हे त्यांना कळून चुकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवाल्याने त्यांना गेटवरच थांबवलं.

"मास्तर, घंटा वाजली. पहिलं काय बघायचं?"

मास्तरांचा हात वर खिशाकडे गेला. गेटवाल्याने तो मध्येच धरला आणि हळूच खाली केला. मग तो गप्प उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते. मागे दोन ट्रक येऊन थांबले, त्यांनी हॉर्नही वाजवला नाही.

"पायजमा," मास्तर म्हणाले.

गेटवाल्याने फाटक उघडलं. "परवा परत विचारीन," तो म्हणाला.